दांडा की पॅड? फायटिंग गेमच्या साधनांचा इतिहास

जुलै २०१४, लास व्हेगास. ‘इव्हो’ स्पर्धेत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ची अंतिम लढत रंगली होती. एका बाजूस जपानचा बोनचान, दुसऱ्या बाजूस फ्रान्सचा लफी. त्या काळातील बहुतेक नामांकित खेळाडू मांडीवर जड आर्केड स्टिक घेऊन बसत. लफीच्या हातात मात्र पहिल्या प्लेस्टेशनचा गेमपॅड होता. या यंत्राची पिढी १९९४ची, म्हणजे वीस वर्षे जुनी. तो जोडायलाही कन्व्हर्टर लागे. लफी जिंकला आणि ‘पॅड नवशिक्यांसाठी असतो’ या जुन्या समजुतीला मोठा तडा गेला. ती समजूत मुळात रुजली कशी, हा आजच्या धाग्याचा विषय.

सुरुवात यंत्राच्या पेटीपासून करावी लागते. १९८७ साली कॅपकॉमने पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आणला, तेव्हा त्याच्या एका आवृत्तीत रबरी आवरणाची दोन मोठी बटणे होती. जितक्या जोराने ती ठोकावी, तितका ठोसा जबरदस्त. कल्पना गमतीदार, पण खेळाडूंच्या तळहातांना आणि यंत्रांनाही न परवडणारी. दुसऱ्या आवृत्तीत ‘जोर’ बटणांवर वाटून दिला गेला: हलका, मध्यम, जड असे तीन ठोसे आणि तीन लाथा. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने हीच सहा बटणांची मांडणी जगभर नेली. डावा हात दांड्यावर, उजव्या हाताची बोटे सहा बटणांवर. पुढे, खाली, मग तिरके खाली-पुढे आणि ठोसा, ही ‘शोर्युकेन’ची प्रसिद्ध हालचाल मनगटाने दांडा फिरवणाऱ्या माणसाला समोर ठेवूनच रचलेली होती. तेव्हा स्टिक श्रेष्ठ ठरली, यात नवल काय? खेळच तिच्या मापाने बेतला होता.

पॅडचे कुळ निराळे. १९८२ साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ‘डाँकी काँग’च्या खिशात मावणाऱ्या गेम अँड वॉच यंत्रासाठी अधिकच्या चिन्हासारखे दिशाबटण वापरले. दांडा खिशात मावत नाही, हे त्यामागचे साधे कारण. तेच बटण पुढे घरगुती यंत्रांवर आले आणि १९९२ साली ‘स्ट्रीट फायटर २’ सुपर निन्टेन्डोवर पोहोचला, तेव्हा सहा बटणांचा प्रश्न उभा राहिला. चार बटणे अंगठ्याखाली आणि दोन खांद्यावर अशी त्याची सोडवणूक झाली. सेगाच्या मेगा ड्राइव्हची अडचण मोठी होती, कारण त्याच्या पॅडवर तीनच बटणे होती. ठोशांवरून लाथांवर जाण्यासाठी स्टार्टचे बटण दाबावे लागे. ऐन लढाईत तलवार म्यान करून भाला उचलण्यासारखेच ते. १९९३ साली सेगाने सहा बटणांचा पॅड आणला, तो मुख्यतः या खेळापायीच. याउलट एसएनकेच्या निओ जिओ या महागड्या घरगुती यंत्रासोबत पॅडऐवजी स्टिकच मिळे. घरी आर्केड आणायचे, तर दांडाही आणायला हवा, हा त्यामागचा विचार.

पण खरा भेद हातांचा नसून जागेचा होता. अमेरिकेत यंत्राच्या कडेवर २५ सेंटचे नाणे ठेवून पुढचा क्रमांक राखला जाई. हरणारा उठे, जिंकणारा खेळत राही. जपानात दोन यंत्रे पाठीला पाठ लावून जोडलेली असत, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे तोंडही दिसत नसे. दांडेही देशोदेशी वेगळे: जपानी दांड्याला गोल लट्टू आणि आत चौकोनी चौकट, अमेरिकी दांडा बॅटच्या मुठीसारखा, तर कोरियन दांडा स्प्रिंगऐवजी रबराच्या ताणावर परतणारा. जो ज्या पार्लरमध्ये वाढला, त्याच्या मनगटाला तेथील वळण लागले. पॅड धरणारा घरात एकटा शिकलेला, म्हणून कच्चा, असे समीकरण यातूनच जुळले.

‘इव्हो’चे मूळ १९९६ सालच्या कॅलिफोर्नियातील ‘बॅटल बाय द बे’ स्पर्धेत आहे. २००४ साली तेथे आर्केड यंत्रे हटवून घरगुती कन्सोल मांडले गेले, तेव्हा जुन्या जाणत्यांनी मोठी कुरकुर केली. गंमत अशी, की त्याच वर्षी दाइगो उमेहारा याने जस्टिन वाँगच्या चुन-लीचे पंधरा फटके ओळीने परतवले. फायटिंग गेमच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला हा क्षण आर्केड स्टिकने घडवला, पण कन्सोलवर.

२००९ साली ‘स्ट्रीट फायटर ४’ घरोघरी आला. मॅड कॅट्झने सान्वा या जपानी कंपनीचे सुटे भाग घातलेली स्टिक १५० डॉलरला काढली, तीही झपाट्याने संपली. तंत्राच्या दृष्टीने स्टिकचा दावा खोटा नव्हता. या खेळातील कित्येक जोडण्यांना सेकंदाच्या साठाव्या भागाइतकीच मुभा होती. तेथे दोन बटणे किंचित मागेपुढे दाबण्याची युक्ती मोकळ्या बोटांना सोपी, अंगठ्याला अवघड. मात्र याच खेळाने शोर्युकेनची हालचाल सैल केली. तिरके खाली-पुढे दोनदा दाबले तरी ती निघे. पॅडवर अंगठ्याला फार फिरावेच लागत नाही, त्यामुळे इथे पारडे फिरले. लफीच्या विजयानंतर अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सनेही पॅडवरच एकामागून एक किताब मिळवले.

मग वाद तिसऱ्याच वस्तूवर गेला: दांडाच नसलेली, केवळ बटणांची पेटी. डावे-उजवे एकाच वेळी दाबता येणे ही तिची खुबी. मागे धरून मग पुढे ढकलायच्या गाइलच्या ‘सॉनिक बूम’ला हे वरदानच. २०१९ साली दाइगोने अशी एक जादा बटणांची पेटी आणली, तेव्हा कॅपकॉमने आपल्या स्पर्धामालिकेत ती नाकारली. ‘स्ट्रीट फायटर ६’ आल्यावर २०२३ साली नियम ठरला, की परस्परविरुद्ध दिशा एकदम दाबल्यास त्यांनी एकमेकींना रद्द करावे. एवढ्या अटीवर बिनदांड्याची पेटी स्पर्धेत राहिली, आणि आर्केडच्या दांड्यावर नाव कमावलेला दाइगो स्वतःही बटणांकडे वळला.