अक्षरांची उमेदवारी

मुंबईतील मराठी माणसाच्या उपजीविकेचा इतिहास लिहिताना गिरणी, गोदी आणि कारकुनी या तीन वाटांचा निर्देश सर्वत्र आढळतो. परंतु गिरगावातील छापखान्यांच्या गल्ल्यांतून, दादरच्या चित्रशाळांतून आणि परळ-लालबागच्या चाळींतून आणखी एक वाट दीडशे वर्षांहून अधिक काळ वाहती होती, आणि तिच्यावर पाऊल टाकणारा प्रवासी पुष्कळदा मिसरूडही न फुटलेला मुलगा असे, याची नोंद मात्र आपण पुरेशा आस्थेने घेतलेली नाही. अक्षर, चित्र आणि मोकळी जागा यांची मांडणी करून मजकूर वाचकाच्या डोळ्यांत भरेल असा करणे, हा तो हुन्नर. आज त्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात. मुलाने तो कोणत्या वयात आणि कोणत्या दाराने हाती घ्यावा, हा प्रश्न आजच्या पालकांना नवा वाटतो. या वस्तीने त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ते असे, की अक्षर आधी हाताखालून जावे, चित्र मागाहून येते. आणि अक्षराला हात जितका लवकर लागेल तितका बरा.

या परंपरेचा आद्यपुरुष म्हणून मी कोणा चित्रकाराचे नव्हे, तर जावजी दादाजी चौधरी यांचे नाव घेईन. १८३९ साली मुंबईत एका निर्धन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामी लागला. काम वरवर पाहता हमालीचे होते. साच्यात शिशाचा रस ओतून खिळा बाहेर काढला की त्याच्या बुडाला धातूची शेपटी चिकटलेली असे आणि कडांवर बारीक कंगोरे राहत. ती शेपटी मोडायची, कडा सपाट दगडावर घासायच्या आणि एक खिळा दुसऱ्याशेजारी उभा केला असता मध्ये फट राहू नये इतक्या त्या समतल करायच्या. दिवसभर असे शेकडो खिळे बोटांतून गेले म्हणजे ‘क्ष’ला किती रुंदी लागते, ‘र’ किती अरुंद बसतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर कशी झुकते आणि रफार कोठे अडखळतो, हे ज्ञान पुस्तकावाचून हातात मुरते. त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षराला आटोपशीर आणि सुबक रूप दिले होते. तेव्हा हा मुलगा घासत होता ते खिळे त्या काळच्या उत्तम कारागिरीचे होते, आणि उमेदवाराच्या दृष्टीने ही गोष्ट पगाराहून मोलाची होती.

पुढे १८६४ साली जावजींनी स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या निष्णात कारागिराकडून पोलादी ठसे कोरवून घेतले. निर्णयसागरचा टाइप आणि निर्णयसागरची संस्कृत पुस्तके यांची कीर्ती देशभर झाली. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या गृहस्थांनी शुद्ध आणि सुंदर मुद्रणाचा जो दंडक घालून दिला, त्याचा उगम बालपणी दगडावर घासलेल्या खिळ्यांत शोधावा लागतो. अर्थात दहा वर्षांच्या मुलाला शिशाच्या धुळीत बसविणे ही त्या काळच्या दारिद्र्याची सक्ती होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. तथापि त्या सक्तीतून हाताला जी तालीम मिळाली, तिचे मूल्य नाकारणेही न्यायाचे होणार नाही.

दुसरे दार सरकारी होते. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेचा मूळ हेतू कारागीर घडविण्याचा होता. या शाळेच्या दप्तरातील दोन नावे मला विशेष विचारार्ह वाटतात. १८८५ साली पंधरा वर्षांचे धुंडिराज गोविंद फाळके तेथे दाखल झाले, आणि १८९० साली कोल्हापूरहून आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर. धुरंधर विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून त्याच संस्थेत एकेचाळीस वर्षे राहिले आणि तैलचित्रांच्या जोडीने पोस्टकार्डे, भित्तिपत्रके, पुस्तकांतील चित्रे अशी छपाईसाठीची कामेही त्यांनी तितक्याच मनःपूर्वक केली. फाळक्यांचा मार्ग वाकडातिकडा: बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी शिळाप्रेसचे काम, मग स्वतःचा ठसे कोरण्याचा कारखाना, तोच पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स म्हणून चालला. भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी तो सोडला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून आपण त्यांना वंदन करतो ते योग्यच; पण कॅमेरा हाती येण्यापूर्वी हा मनुष्य वर्षानुवर्षे ठसे आणि शाई यांत बुडालेला होता, हे या धंद्यातल्या मुलांना कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

१९३५ साली याच कलाशाळेत, म्हणजे जे. जे.मध्ये, कमर्शियल आर्टचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९६१ साली त्यातूनच उपयोजित कलेची वेगळी संस्था उभी राहिली. एवढ्याने मध्यमवर्गीय बापाच्या मनातील धास्ती काहीशी ओसरली; चित्रे काढून पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्याला आता सरकारी पदविका दाखविता येऊ लागली. तेथे पोहोचण्याची पहिली पायरी मात्र शाळेतच होती, ती म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन यांचीही परीक्षा घेणारी ही योजना ज्याने आखली, त्याला या विद्येचे मर्म कळले होते. चौदा वर्षांचा मुलगा कंपासपेटी आणि पट्टी घेऊन अक्षरांच्या उंचीच्या समांतर रेघा आखतो, आणि तेवढ्यात अक्षर हेही मोजूनमापून बांधायचे असते, ही जाणीव त्याला आयुष्यभरासाठी होते.

पदविका मिळाली तरी खरी उमेदवारी स्टुडिओतच होत असे. मडगावला १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल जे. जे.मधून शिकून बाहेर पडले, त्यांनी केनेडी पुलाजवळ दलाल आर्ट स्टुडिओ थाटला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ काढला. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा जो पायंडा पाडला होता, तो तोवर रिवाज झाला होता, आणि दिवाळीआधीचे दोन-तीन महिने म्हणजे चित्रकारांची सुगी. मुखपृष्ठ, कथाचित्र, शीर्षकाचे अक्षर, कोपऱ्यातले नक्षीकाम, सारे हाताने; शीर्षकाचा जस्ताचा ठसा निघणार म्हणून रेषा तुटकी चालत नसे, आणि रंगीत मुखपृष्ठ निरनिराळ्या रंगांच्या ठशांतून छापले जाणार म्हणून रंगांचा हिशेब कुंचला उचलण्यापूर्वी मनाशी करावा लागे. छपाईच्या या बंधनांतून जी शिस्त लागे, ती वर्गात शिकविणे कठीण. येथे एक गोष्ट खेदाने नोंदवली पाहिजे, की ही उमेदवारी बव्हंशी मुलग्यांच्याच वाट्याला आली.

पदविकेवाचूनही मनुष्य शिखर गाठू शकतो, याचा दाखला कमल शेडगे यांनी दिला. औपचारिक कलाशिक्षण न घेता, १९५५ साली विशीच्या उंबरठ्यावर ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात रुजू झाले आणि पुढे मराठी नाटकांची नावे वर्तमानपत्रांतील जाहिरातींत त्यांनी अशी घडविली, की नाटकाची प्रकृती त्याच्या अक्षरांवरून ओळखू यावी.

लालबाग-परळची गोष्ट थोडी वेगळी. तेथे छापखान्यांची दाटी नव्हती. तेथे फलक होते. गणेशोत्सव मंडळाचा फलक, कबड्डीच्या सामन्यांचा फलक, कामगार संघटनेच्या सभेचा फलक, चाळीच्या जिन्याशी टांगलेला बातम्यांचा फळा. ज्या पोराचे अक्षर बरे, त्याच्या हाती मंडळ खडू देई, आणि ‘अरे, तू लिही’ एवढेच त्याचे नेमणूकपत्र. दोरीला खडूची पूड फासून ती ताणायची आणि फट्‌दिशी सोडायची, की शिरोरेषेची सरळ खूण उमटते. खडूचे टोक तिरके घासून त्याला धार आणली, की बोरूसारखी जाड-बारीक रेघ निघते, मात्र खडूचा कोन अखेरपर्यंत ढळता कामा नये, नाहीतर ‘त’ आणि ‘न’ एकाच घरचे वाटत नाहीत. परळच्या डॉ. शिरोडकर हायस्कूलच्या फळ्यावर सुविचार लिहिणारा अच्युत पालव नावाचा विद्यार्थी याच वस्तीतला. १९८२ साली, गिरण्यांचा प्रदीर्घ संप सुरू झाला त्याच वर्षी, ते उपयोजित कला संस्थेतून उत्तीर्ण झाले, त्यानंतर र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली मोडी लिपीचा अभ्यास केला, आणि २०२५ साली सुलेखनासाठी पद्मश्रीचे मानकरी ठरले. शाळेतल्या फळ्याचा अधिकार योग्य मुलाच्या हाती देणारा शिक्षक किती मोठे काम करून जातो, हे सांगायला दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

संगणक आला आणि फलक रंगविणाऱ्या पेंटरांचा धंदा पाहता पाहता बसला. फ्लेक्सच्या छपाईने लालबागच्या कमानींवरून कुंचला उतरविला. हे नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई झालेली नाही. पण संगणकाच्या पडद्यावर वर्षानुवर्षे आपण जी देवनागरी वाचली, ती ‘मंगल’ अक्षरमाला त्याच र. कृ. जोशींनी रेखलेली, कागदावर हाताने अक्षर साधलेल्या मनुष्याच्या नजरेतूनच ती यंत्रात उतरली.

आज उपयोजित कलेच्या पदवीचे दार बारावीनंतर, प्रवेशपरीक्षा देऊन, अठराव्या वर्षाच्या आसपास उघडते. चौदा ते अठरा ही चार वर्षे पूर्वी छापखाना, स्टुडिओ आणि मंडळाचा फलक यांनी भरून काढली होती. आता बहुतेक ठिकाणी ती शिकवणीवर्गांनी व्यापलेली आहेत. त्या वयाच्या मुलाच्या हाती संगणक द्यावा, जरूर द्यावा. पण त्याआधी वर्षभर तरी त्याच्याकडून तिरक्या कापाच्या बोरूने बाराखडी गिरवून घ्यावी, एलिमेंटरीला बसवावे आणि शाळेचा फळा आठवड्यातून एकदा त्याच्या स्वाधीन करावा. परळ-दादरच्या शाळांतील चित्रकलाशिक्षकांना हे मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांना तास आणि फळा मिळवून देण्याचे काम मात्र मुख्याध्यापकांचे आणि पालकांचे आहे.