पन्नाशीतला हरिश्चंद्र

आमचे आबा येरमाळ्याच्या भजनात पेटी वाजवायचे. भात्याचं भोक खळ लावून कागदानं बुजवलेलं. एक काळी पट्टी तर दाबली की दबलेलीच राही, नखानं उचलावी लागे. अशा पेटीवर बसलेले आबा संगीतकार गोविंदराव टेंब्यांचं नाव मात्र कानाच्या पाळीला हात लावून घेत.

येरमाळा तेव्हा निजामाच्या मुलखात आणि बार्शी इंग्रजांकडे. ज्वारीची गाडी बार्शीच्या पेठेला न्यायची तर वाटेत करोडगिरीचा नाका. एका खेपेला आडत्याकडून पट्टी घेतली आणि आबा थेट 'अयोध्येचा राजा' बघायला घुसले. ज्वारीचा हिशेब घरी काय दिला, ते कधी बोलले नाहीत. "राजा वयस्करच होता, पर गळा त्याचा सोताचा," एवढं सांगत.

आबांचं खरंच होतं. 1932चा हा मराठीतला पहिला बोलपट, कोल्हापूरच्या प्रभातचा. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. नटानं कॅमेऱ्यासमोर गायचं, वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची. म्हणून व्ही. शांताराम यांना गाणारा राजा हवा होता. 1881 सालचे टेंबे पन्नाशीत हरिश्चंद्र झाले, तारामती दुर्गा खोटे, आणि संगीतही टेंब्यांचंच. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये मच्छिंद्रनाथही तेच.

पण नट म्हणून ते मला फारसे भावत नाहीत. पडद्यावरही रंगभूमीवरच्यासारखे उभे राहतात. त्यांचा खरा पराक्रम वीस वर्षं आधीचा, 1911च्या 'मानापमान' नाटकाचा. तोवर पदांच्या चाली बहुधा नाटककारच निवडायचा. खाडिलकरांनी त्या टेंब्यांवर सोपवल्या आणि पूरब अंगाची ठुमरी, दादरा मराठी रंगभूमीवर आले. भास्करबुवा आणि अल्लादियाखाँ यांच्या सहवासात मुरलेले कान होते ते. पुढे 1913 साली बालगंधर्व, बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली, ती सोडून 1915 साली स्वतःची शिवराज. एका जागी टिकण्याचा स्वभावच नसावा.

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत आबांची मंडळी देवीची पदं 'मानापमान'च्या चालींवर म्हणत. चाल कुणाची, हे आबा पहिल्यांदा सांगत, मग पेटी उघडत. आज नाट्यसंगीताच्या मैफलीत गायकाचं नाव होतं, नाटककाराचं होतं, टेंब्यांचं राहून जातं. निवेदकांनी तेवढं सांगावं. सुरुवातीला नाही जमलं, तर निदान टाळ्या थांबल्यावर.