भाड्याची झाली मालमत्ता: वर्ल्डकॉमची गोष्ट

आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागते. त्यात विचारतात, हे तास नव्या फीचरवर गेले की बग काढण्यात? मी डोळे झाकून टिक करायचो. मग फायनान्समधल्या एका ताईंनी सांगितलं, नव्या फीचरवरचा पगार नियमात बसला तर मालमत्ता म्हणून लिहितात. बगवरचा मात्र लगेच खर्चात जातो. म्हणजे माझ्या टिकने कंपनीचा ऑपरेटिंग प्रॉफिट हलतो! मी पार हादरलो.

ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणजे काय? विक्रीतून धंदा चालवायचा खर्च वजा करायचा: माल, पगार, भाडं, घसारा. कर्जाचं व्याज आणि आयकर अजून बाजूलाच. जमीन विकून आलेले पैसेही त्यात धरायचे नाहीत. मूळ धंदा कमावतोय का, एवढंच बघायचं.

आता चहावाल्याचं बघा. गाळ्याचं भाडं त्या महिन्याचा खर्च. शेगडी घेतली तर ती मालमत्ता, तिची किंमत घसारा म्हणून काही वर्षांत थोडी थोडी वजा होते. पण त्याने भाडंच शेगडीच्या खात्यात लिहिलं तर? नफा कागदावर लगेच फुगतो.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने नेमकं हेच केलं. ही मिसिसिपीतल्या क्लिंटनची टेलिफोन कंपनी. आपल्या ग्राहकांचे कॉल दुसऱ्या कंपन्यांच्या लाइनवरून न्यायचे तर त्यांना पैसे द्यावे लागत. तो तिचा सर्वात मोठा खर्च. इंटरनेट धो धो वाढणार म्हणून तिने लांब मुदतीचे करार करून ठेवले. 2000 मध्ये डॉटकॉमचा फुगा फुटला. लाइन रिकाम्या, भाडं चालूच. मग 2001 पासून वित्तप्रमुख स्कॉट सुलिव्हन यांच्या खात्याने हे भाडं मालमत्तेत ढकललं. हॅकिंग वगैरे काही नाही, फक्त जमाखर्चातल्या नोंदी!

अंतर्गत लेखापरीक्षण करणाऱ्या सिंथिया कूपर यांच्या टीमला 'प्रीपेड कपॅसिटी' असं एक नाव दिसलं. म्हणजे काय, ते कुणालाच धड सांगता येईना. नोंदी उतरवताना सर्व्हरवर ताण यायचा, म्हणून टीम रात्री काम करायची. (आपल्यासारखंच की!) जून 2002 मध्ये कंपनीने कबूल केलं: पाच तिमाहींत 380 कोटी डॉलर. ते खर्चात धरले असते तर 2001 सालात नफा नव्हे, तोटा दिसला असता. पुढे आकडा 1100 कोटींपर्यंत गेला. 17,000 लोकांची कपात जाहीर झाली, जुलैत दिवाळखोरीचा अर्ज. प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना 25 वर्षांची शिक्षा झाली, सुलिव्हन यांना 5.

मला मात्र त्या नोंदी करणारे मधल्या फळीतले लोक जास्त आठवतात. काहींना ते पटत नव्हतं, राजीनाम्याचा विचारही झाला. पण घर, पगार, साहेबांचं 'या वेळेपुरतंच'. त्यातल्या एकीला पाच महिने तुरुंगवास झाला.

एक गोष्ट लपत नाही बरं का. खर्च म्हणा की मालमत्ता, पैसा खात्यातून गेलेला असतो. म्हणून ऑपरेटिंग प्रॉफिट बघितला की मी रोख प्रवाहाचं पानही उघडतो.

गेल्या शुक्रवारी माझे सहा तास एका जुनाट बगवर गेले. वरिष्ठ म्हणाले, "फीचरमध्ये टाक ना, एवढं काय त्यात!" मी बगच लिहिलं.