तांबड्या थाळीवरील ठसे

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळाचा इतिहास प्रायः सम्राटांच्या पदच्युतीवरून आणि नगरांच्या पाडावावरून मांडला जातो. त्या काळातील जेवणाच्या थाळ्यांवर उमटलेले ठसे मात्र वेगळी साक्ष देतात.

उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियाच्या भूमीवर, इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकापर्यंत तांबडा लेप दिलेली मृत्पात्रे घडवली जात. लेपाची माती भांड्याच्याच मातीसारखी, परंतु अधिक गाळलेली असे. चौथ्या शतकात रुंद, सपाट तळाच्या थाळ्या प्रचारात आल्या आणि त्या तळावर ठशांची नक्षी उमटवण्याची प्रथा रुजली. भांडे अर्धवट वाळले असता, माती दाब घेईल पण आकार सोडणार नाही अशा अवस्थेत, ठसा दाबला जाई. आरंभी झावळ्या, समकेंद्री वर्तुळे आणि जाळीदार चौकोन गोलाकार मांडलेले दिसतात. पाचव्या शतकात प्राणी व ख्रिस्तचिन्हे आली. शतकाच्या अखेरीपासून मधोमध मोठा क्रूस किंवा मनुष्याकृती दिसू लागते. अर्थात, थाळीवर क्रूस आहे म्हणून जेवणाराही ख्रिस्ती होता, असे ठरत नाही.

पुद्दुचेरीनजीकच्या अरिकमेडू येथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांना इटलीतील आरेत्सो धाटणीची, त्याहून बरीच जुनी खापरे मिळाली. त्यांतील काहींवर कारखानदारांची नाममुद्रा होती, आणि या खापरांमुळे दक्षिण भारतातील स्तरांचा काळ ठरवता आला. आफ्रिकेतील या थाळ्यांवर सहसा असे नाव नाही; त्यांच्या कालनिर्णयासाठी भांड्याचा घाट आणि नक्षी यांवरच भिस्त ठेवावी लागते. जॉन हेज यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ठशांच्या शैलींचा क्रम लावला. नाणे पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरते; थाळी लवकर फुटते आणि टाकली जाते. म्हणूनच एखाद्या स्तराच्या कालनिर्णयात नाण्याहून खापर अनेकदा अधिक उपयोगी पडते. तथापि, ठशावरून मिळतो तो काही दशकांचा अंदाज. नेमके वर्ष नव्हे.

या अंदाजाने राजकीय इतिहासाला मुरड घातली. ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज जिंकले. ४७६ मध्ये पश्चिमेचा सम्राट पदच्युत झाला. आफ्रिकेच्या थाळ्यांची निर्यात घटली, परंतु थांबली नाही. रोमन सत्ता संपुष्टात आलेल्या ब्रिटनमध्ये, कॉर्नवॉलमधील टिंटॅजेल येथे, आफ्रिकेतील आणि आशिया मायनरमधील फोकाया येथील तांबडी खापरे पाचव्या-सहाव्या शतकांतील थरांत सापडतात. तेल, धान्य आणि मद्य वाहणाऱ्या गलबतांतून अशी भांडी दूरवर जात. सत्ता कोसळली त्याच दिवशी बाजारही उठला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. ६९८ साली कार्थेज अरबांच्या हाती गेले, त्या सुमारास ही परंपरा लोपली. राजवटीच्या अंताहून व्यवहाराचा अंत वेगळा मोजावा लागतो, हे या अनाम कुंभारांच्या ठशांनी इतिहासकारांच्या ध्यानी आणून दिले.