अनामिक लेखक आणि राजकीय कादंबरी

वास्तवाधिष्ठित राजकीय कादंबरीचा विचार करताना समीक्षा बहुधा पात्रांच्या 'मुळां'कडे वळते. कोणते पात्र कोणत्या नेत्यावरून घडवले, हे एकदा निश्चित झाले की अर्थनिर्णयनाचे काम संपले, असे मानण्याची प्रवृत्ती दिसते. या कादंबरीप्रकाराच्या इतिहासात आणखी एक प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे, आणि तो पात्रांचा नसून लेखकाचा आहे. जिच्या प्रत्येक पात्रामागे खरे नाव असल्याचे सुचवले जाते, त्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचेच नाव नसणे ही केवळ योगायोगाची बाब नव्हे. बेंजामिन डिझरायलीची 'व्हिव्हियन ग्रे' (१८२६), हेन्री ॲडम्सची 'डेमॉक्रसी' (१८८०) आणि जो क्लाइनची 'प्रायमरी कलर्स' (१९९६) या तीन कादंबऱ्यांचा प्रकाशनेतिहास एकत्र पाहिला असता, अनामिकतेचा अर्थ लेखकाच्या हेतूपेक्षा त्या त्या काळातील वृत्तव्यवहाराने अधिक ठरवला, असे दिसून येते.

'व्हिव्हियन ग्रे' प्रसिद्ध झाली तेव्हा डिझरायली एकवीस वर्षांचा होता. १८२६ च्या आरंभी जॉन मरे या प्रकाशकाने 'द रिप्रेझेंटेटिव्ह' हे दैनिक काढले. त्याच्या जुळवाजुळवीत डिझरायलीचा सहभाग होता. काही महिन्यांतच ते बंद पडले. कादंबरीत या दैनिकाच्या जागी राजकीय पक्षाच्या उभारणीचा डाव आला आणि मार्क्विस ऑफ कॅराबास या पात्रात मरेला स्वतःचे विडंबन दिसले. तिच्या प्रसिद्धीची सूत्रे मात्र हेन्री कोलबर्न या दुसऱ्या प्रकाशकाच्या हाती होती. वाङ्मयीन नियतकालिकांत त्याचे आर्थिक हितसंबंध होते. लेखक उच्चभ्रू वर्तुळातीलच कोणी असल्याचा समज त्याने वृत्तपत्रांतून पद्धतशीरपणे पसरवला. कोणते पात्र कोणावरून बेतले आहे, हे सांगणाऱ्या 'किल्ल्या'ही छापल्या गेल्या. लेखक त्या वर्तुळाबाहेरचा एक तरुण आहे, हे कळताच काही समीक्षकांचा सूर पालटला. संहिता तीच होती, परंतु आता तिच्यातील अज्ञान आणि उद्धटपणा ठळकपणे दिसू लागला. अनामिकतेने तिला दिलेली प्रतिष्ठा ही वस्तुतः वर्गाची प्रतिष्ठा होती, आणि नाव कळताच ती काढून घेण्यात आली.

'डेमॉक्रसी'ची स्थिती नेमकी उलट होती. ॲडम्स हा दोन राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातला. वॉशिंग्टनच्या सत्तावर्तुळात त्याची नित्य ऊठबस होती. कादंबरीतील सिनेटर रॅटक्लिफ हे पात्र जेम्स ब्लेन या नेत्याशी जोडले गेले. लेखक म्हणून जॉन हे, क्लॅरेन्स किंग, इतकेच नव्हे तर ॲडम्सची पत्नी क्लोव्हर यांचीही नावे घेतली गेली. तरीही हे गुपित मोजक्या मित्रांत आणि प्रकाशक हेन्री होल्टकडे सुरक्षित राहिले. १९१८ मध्ये ॲडम्सचे निधन झाल्यानंतरच होल्टने ते उघड केले. येथील अनामिकता हा एका लहान, परस्परपरिचित वर्गाचा शिष्टाचार होता. ज्यांच्यासोबत भोजन करायचे त्यांच्यावर नावानिशी टीका करायची नाही, असा त्याचा अर्थ. या मौनाला तडा देण्याइतकी निकड किंवा साधने तत्कालीन वृत्तपत्रांजवळ नव्हती.

तेथे गुपित जवळजवळ चार दशके टिकले. 'प्रायमरी कलर्स'च्या बाबतीत ते जेमतेम सहा महिने टिकले. जानेवारी १९९६ मध्ये रँडम हाउसने प्रकाशित केलेल्या या कादंबरीत बिल क्लिंटन यांच्या १९९२ च्या उमेदवारीच्या लढतीचे प्रतिबिंब स्पष्ट होते. गव्हर्नर जॅक स्टँटन आणि सूझन यांच्यामागचे दांपत्य ओळखण्यासाठी किल्लीची गरजच नव्हती. हस्तलिखित प्रतिनिधीमार्फत आलेले असल्याने प्रकाशकांनाही लेखकाचे नाव ठाऊक नव्हते. साहजिकच पात्रांचे रहस्य संपलेल्या या कादंबरीत उरलेले एकमेव रहस्य लेखकाचे होते, आणि वृत्तमाध्यमांनी ते उचलून धरले. मिशेल फूकोने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात म्हटल्याप्रमाणे आधुनिक काळाला वाङ्मयीन अनामिकता केवळ कोडे म्हणूनच सहन होते. येथे त्या कोड्याची बाजारपेठ उभी राहिली आणि कादंबरी विक्रीच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली.

या कोड्याच्या गदारोळात निवेदनाचा एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. कादंबरीचा निवेदक हेन्री बर्टन हा एका कृष्णवर्णीय नागरी हक्क नेत्याचा नातू आहे. नेत्याविषयीचे त्याचे आकर्षण आणि भ्रमनिरास यांना वंशाच्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. श्वेतवर्णीय पत्रकाराने हा 'मी' धारण केला आहे, हे वाचकाला ठाऊक नसल्याने त्या आवाजाच्या अधिकाराची चिकित्सा लांबणीवर पडली. अनामिकतेने लेखकाला केवळ संरक्षण दिले नाही, तर एक उसनी निवेदनभूमीही मिळवून दिली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये व्हासर महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक डोनाल्ड फॉस्टर यांनी 'न्यूयॉर्क' साप्ताहिकात शैलीविश्लेषणाच्या आधारे क्लाइनचे नाव पुढे केले. क्लाइन हा 'न्यूजवीक'चा स्तंभलेखक होता. त्याने आपली पत्रकारितेतील विश्वासार्हता पणाला लावून या निष्कर्षाचा इन्कार केला. त्याच्या संपादकांना सत्य ठाऊक असूनही त्यांच्याच साप्ताहिकातून दुसऱ्या नावाची शक्यता छापली गेली. अखेर जुलैमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हस्तलिखितावरील दुरुस्त्यांच्या हस्ताक्षराची तपासणी करवून घेतली, तेव्हा क्लाइनने कबुली दिली.

या घटनेतून शैलीशास्त्राचा विजय झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शैलीचा पुरावा नाकारता आला, हस्ताक्षराचा आला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. याच फॉस्टर यांनी १६१२ मधील एक विलापिका शेक्सपिअरची असल्याचे प्रतिपादन केले होते. २००२ मध्ये त्यांना ती जॉन फोर्डची असल्याचे मान्य करावे लागले. शैली ही लेखकाची खूण असली तरी ती बोटाच्या ठशाइतकी निःसंदिग्ध नसते.

खरा पेच नैतिक आहे, आणि तो संहितेच्या आत व बाहेर सारखाच आहे. मोठ्या हितासाठी असत्य क्षम्य ठरते काय, हा 'प्रायमरी कलर्स'चा केंद्रवर्ती प्रश्न. प्रतिस्पर्ध्याच्या पूर्वायुष्यातील माहिती वापरायची की नाही, या प्रसंगाची किंमत लिबी होल्डन आपल्या प्राणांनी चुकवते. अखेरीस स्टँटन बर्टनला सोबत राहण्याची गळ घालतो आणि त्याचे उत्तर अनुच्चारितच राहते. 'डेमॉक्रसी'ची नायिका मॅडलिन ली सत्तेला स्पष्ट नकार देऊन निघून जाते. शतकभरानंतरच्या निवेदकाला तो नकार उच्चारता येत नाही. कादंबरीने मोकळा ठेवलेला हा शेवट माइक निकोल्सच्या १९९८ मधील चित्रपटाने बंद केला. तेथे बर्टन विजयोत्सवात उपस्थित आहे. नेत्यांच्या असत्याची चिकित्सा करणारा लेखक स्वतः असत्याचा आश्रय घेतो, तेव्हा वृत्तमाध्यमांनी त्याला अप्रामाणिक पत्रकार ठरवले. त्या निवाड्यात तथ्य होते. परंतु या विसंगतीमुळेच कादंबरीतील प्रश्न अधिक गंभीर होतो, याची दखल घेण्याइतका अवकाश त्या चर्चेत उरला नाही.

येथे मराठीतील एक उदाहरण उद्बोधक ठरते. पत्रकार असलेल्या अरुण साधूंनी 'सिंहासन' स्वतःच्या नावाने लिहिली आणि दिगू टिपणीस या पत्रकारालाच सत्तेच्या खेळाचा साक्षीदार केले. पाहणाऱ्याची जबाबदारी तेथे संहितेच्या आत आहे. क्लाइनने निवेदनातून पत्रकाराला वगळले, आणि म्हणूनच त्या वगळलेल्या पत्रकाराचा शोध संहितेबाहेर घेतला गेला.

२०११ मध्ये बराक ओबामा यांच्यावर बेतलेली 'ओ' ही कादंबरी याच पद्धतीने, लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. लेखकाविषयीचे तर्क सुरू होण्यास वेळ लागला नाही. कादंबरीची वाङ्मयीन चर्चा मात्र अल्पच झाली. अनामिकता हे विक्रीचे परिचित तंत्र बनले की तिच्यातील धोका संपतो, आणि धोक्याबरोबर तिचा राजकीय अर्थही. म्हणून अशा कादंबऱ्यांच्या अभ्यासात 'कोणी लिहिले' या प्रश्नाबरोबरच, हा प्रश्न कोणी, कोठे आणि कोणाच्या लाभासाठी विचारला, याचीही नोंद घेतली जाणे आवश्यक आहे.