करडीचं तेल, कोकमाचा गोळा

काढणीला आलेली करडी उघड्या हातानं कुणी धरत नाही. पानापानाला काटा. आमच्या जळकोटच्या शिवारात ही काढणी पहाटेच चालायची. दवानं काटा मऊ पडलेला असतो; उन्हं वर आली की तोच सुईसारखा ताठ होतो. हाताला फडकी गुंडाळली तरी घरी परतताना बायकांच्या बोटांवर ओरखडेच ओरखडे. त्यावर लावायला काय, तर त्याच करडीचं तेल. मराठवाड्यात हिवाळ्यात कातडीची निगा कशी राखत, असं कुणी विचारलं की मी आधी या पिकाचं सांगतो.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं आमचं गाव, जमीन काळी. ज्वारीत करडीचे तास घालायचे, बांधालाही करडीच, म्हणजे काट्याच्या भीतीनं जनावर आत शिरत नाही. करडई तेल्याच्या घाण्यावर जायची. तिचं तेल भाजीला, दिव्याला आणि अंगाला, सगळ्याला एकच. दिवाळीचं अभ्यंगस्नान झालं की थंडीची सुरुवात, आणि येळवशीला शेतात कोपीपुढं आंबील पिताना वाऱ्यानं पोरांचे गाल आणि ओठ उललेले दिसायचेच.

वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त रोज तेल लावायला सांगितलंय, डोकं, कान आणि पाय विशेष करून. त्याच्या घरी तेलाचा घडा भरलेला असणार. आमच्याकडं तेल मोजून निघायचं आणि भांडं सासूच्या ताब्यात. आधी बाळ-बाळंतीण, मग पोरांची डोकी, मग गडीमाणसं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी मिळायचं. बाईच्या टाचेसाठी असा सण कुणी नेमला नाही. पोरांची डोकी चोपडून झाली की आजी तळव्यांना राहिलेला ओशटपणा आधी तोंडाला पुसायची, मग कोपरांना. टाचेपर्यंत काही उरतच नसे. जुन्या काळी सगळेच अंगाला भरपूर तेल चोळायचे म्हणून कातडी तुकतुकीत राहायची, हे ऐकलं की मला हसू येतं.

टाचेसाठी आमच्या किराणा दुकानात कोकमाचं तेल असायचं. तेल म्हणायचं, पण असतो पांढुरका घट्ट गोळा. कोकणात कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला स्निग्धांश काढून हातानं वळतात. अंगाच्या उबेच्या आसपास तो वितळतो, म्हणून थंडीत नुसता घासून भागत नाही. बायका रात्री निजायच्या आधी पळीत तुकडा टाकून चुलीच्या आरावर धरायच्या आणि कडकडीत असतानाच भेगेत थेंब सोडायच्या. ‘स्स’ म्हणून पाय आखडायचा, पण तेल भेगेत जाऊन थिजायचं आणि फट बुजायची. त्याआधी मेलेली कातडी घासायला वजरी. पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेतून लोक ती आणत. श्रीमंतांच्या वजऱ्या पितळी, नक्षीच्या. पुण्याच्या केळकर संग्रहालयात तशा बघायला मिळतात. आमच्या गिऱ्हाईकांचं काम खापराच्या तुकड्यावर भागायचं.

डब्या आल्या त्या शहराकडून. मुंबईत पाटणवालांनी १९१९ साली अफगाण स्नो काढला, कलकत्त्यात १९२९ साली बोरोलीन निघालं, १९५२ साली मुंबईतच पेंढरकरांची विको सुरू झाली. त्यांची हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, यावरून कराचा खटला पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या गल्ल्यापुढं हा प्रश्न कुणाला पडला नाही. कोकम घेणारीला दुखणं थांबवायचं असे. स्नो मागायला यायची ती लग्न ठरलेली पोरगी, तीही धाकट्या भावाला पुढं करून.

खरा बदल डब्यांनी नाही, तेलानंच झाला. रेशनवर पामतेल आलं. ते थंडीत डब्यातच गोठायचं. तळणाला चालवून घेतलं, पण पोराच्या अंगाला लावायला बायका धजल्या नाहीत. मग सोयाबीननं शिवार धरलं. हंगाम लवकर निघतो, पैसा लवकर येतो, काटे नाहीत. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. करडी मागं पडली, घाणे थांबले आणि अंगाचं तेल वेगळं विकत आणायची गोष्ट झाली. आता सोलापुरात लाकडी घाण्याचं करडी तेल बाटलीत मिळतं. भाव ऐकून आजीनं बाटली परत ठेवली असती.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचा करडीचा वाण काढला, नारी-६ नावाचा. फडकी न गुंडाळता काढता येईल अशी करडी. पण तोवर आमच्याकडच्या बऱ्याच काळ्या रानांत सोयाबीन बसलेलं होतं.