रबर आणि धागा यांची सोयरीक

ऊस वाहणारी टायरची बैलगाडी तुम्ही पाहिली असेलच. तिचा फाटका टायर निरखून पाहा. आत धाग्यांचे पदर दिसतील. नुसते रबर हवेच्या दाबाने फुगतच जाईल. त्याला आवरून धरतो तो धागा. १८८८ साली बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची धाव बसवली, तीही रबरावर कापड चढवूनच.

पण या दोघांचे स्वभाव निराळे. दोघांचेही रेणू साखळीसारखे लांबच लांब. परंतु कापसाला पाण्याची ओढ, तर रबराला पाण्याचे वावडे. मग ते एकत्र नांदले कसे? सुतावर बारीक तंतूंची लव असते, ती रबरात रुतून बसे. ही नुसती पकड होती, नाते नव्हते.

१९३० नंतरच्या दशकात टायरमध्ये रेयॉन घालू लागले, तेव्हा हे उघडे पडले. रेयॉन उष्णतेत सुतापेक्षा टिकाऊ, पण अंगाने गुळगुळीत. रबर त्याला धरीना. आणि भरधाव गाडीच्या टायरचे पदर सुटले, तर माणसे जिवाला मुकतात!

अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीचे विल्यम चार्च आणि त्यांचे सहकारी यांनी यावर तोड काढली. १९३८ साली तिचे पेटंट झाले. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ रबराच्या चिकात मिसळायची, त्यात धागा बुडवायचा, वाळवायचा नि तापवायचा. राळ धाग्याशी जुळते. पुढे टायर साच्यात शिजताना चिकातले रबर गंधकाच्या पुलांनी टायरच्या रबराशी जोडले जाते. मध्यस्थ दोन्ही घरचा झाला, म्हणून सोयरीक टिकली.

१९४२ साली जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेला कृत्रिम रबराची कास धरावी लागली. ते चालताना अधिक तापे. अशा वेळी रेयॉन कामी आला. पुढे नायलॉनही आले. मध्यस्थ मात्र तोच राहिला.

अजूनही बहुतेक ठिकाणी तोच आहे. परंतु फॉर्माल्डिहाइडची वाफ कामगारांना घातक असते, म्हणून आता त्याच्याविना सांधा जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत.

गुरुजी, वर्गात फाटक्या टायरचा तुकडा न्या. पदर ओढून काढा. धागा स्वच्छ निघाला, तर सांधा सुटला असे समजावे. धाग्यावर रबराचे लचके राहिले, तर रबर फाटले, पण सांधा सुटला नाही!